जागा हाय

१

सांजेला मेंढरं घरी आणायचं काम माझं. पोरगा आणि सून मोठा कळप घेऊन चाऱ्यामागं लांब गेलेली असतात. दिवाळी झाली की निघतात, मिरगाच्या तोंडाला परततात. घरी उरतात ती लंगडी, म्हातारी, गाभण मेंढरं, आणि त्यांच्यासारखीच आम्ही दोघं: मी त्रिंबक आणि माझी बायको सुगंधाबाई. तिसरी आमची नात राजनंदिनी. तिला आम्ही नंदी म्हणतो. ती वाळूजला कंपनीत कामाला जाते, कंपनीच्या बसनं येते-जाते, आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते.

आमचं घर हर्सूलच्या तळ्याकडं, वस्तीच्या शेवटाला. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण, आणि अंगणाला लागून जाळी लावून केलेला मेंढरांचा वाडा. शहर आता पार दाराशी आलंय. पण तळ्याच्या कडेला अजून थोडं गवत आहे, आणि माझे पाय अजून चालतात, म्हणून चाललंय.

मेंढरं वाड्यात घ्यायची आमच्या घरची एक हाक आहे. घराघराची हाक वेगळी असते. दुसऱ्याच्या हाकेला आमची मेंढरं मानसुद्धा वर करत नाहीत. आमची हाक अशी:

ये गं काळे, ये गं भुरे,
रान सरलं, वाट उरे,
मागं कुणी ऱ्हाऊ नका,
जागा हाय, जागा हाय.

हे म्हणत राहायचं. शेवटचं जनावर आत आलं की काठी भुईवर आपटायची आणि म्हणायचं, "भरला!" म्हणजे वाडा भरला, हाक बंद. बापानं मला असं शिकवलं, मी माझ्या पोराला. का, ते कुणी विचारलं नाही. दार का लावायचं, असं कुणी विचारतं का?

२

या हाकेचं नंदीनं गाणं केलं. तिच्या कंपनीतली दोघं जण ढोल आणि पत्र्याचा डबा बडवायची, ही गिटार ओरबाडायची. त्याला ती फोक-पंक म्हणायची.

"पंक म्हंजी काय गं?" मी विचारलं.

"राग, आबा. गोड न करता म्हणायचं."

आणि खरंच तिनं ते गोड केलं नव्हतं. ‘रान सरलं’ म्हणताना तिचा गळा फाटायचा. तळ्याकडच्या रानात प्लॉट पडले, भिंती उठल्या, तो सगळा राग त्यात होता. शेवटी सगळे मिळून पाय आपटायचे आणि ओरडायचे, "भरला!" मला त्यातलं संगीत कळत नाही. पण अंगावर काटा यायचा.

सुगंधाबाई म्हणायची, "याला मेंढरं येतील का पळतील गं?"

"माणसं पळतात आज्जी, मेंढरांचं माहीत नाय," नंदी म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

ते गाणं फार कुणी ऐकलं नाही. मग सोनिया नावाच्या पुण्याच्या गायिकेनं ऐकलं. तिनं नंदीला फोन केला, रीतसर विचारलं, नंदीचं नाव लावलं, आणि स्वतःच्या आवाजात म्हटलं. हळू. पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसं. आणि ते असं पसरलं की काय सांगावं. लग्नात तेच, दुकानात तेच, पाण्याच्या टँकरवरसुद्धा तेच.

आमच्या शेजारचा फकिरा रिक्षा चालवतो. तो एक दिवस मला म्हणाला, "त्रिंबकदादा, तुमची नंदी त्या सोनियाचं गाणं क्या मस्त म्हणती!"

"अरे, नंदीचंच हाय ते."

"अच्छा? मग सोनियाला माहीत हाय का?" तो आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. नंदीपण हसली. पहिल्यांदा हसली.

मी सोनियाचं गाणं नीट बसून ऐकलं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. डोळे जड झाले. पण शेवटाला काठी नव्हती, ‘भरला’ नव्हतं.

"हे संपलं कुठं?" मी नंदीला विचारलं.

"विरत जातं, आबा. आवाज हळूहळू लांब जातो."

"आन मग बंद कधी होतं?"

"बंद नाय होत. परत पयल्यापासून लागतं."

३

त्या थंडीत वाड्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मेंढरं एका अंगाला बसायला लागली होती.

मेंढरं एकमेकांना चिकटून बसतात, थंडीत तर जास्तच. त्यात नवल नाही. पण ती घराकडच्या बाजूला सरकून दाटीवाटीनं बसायची आणि तळ्याकडची बाजू मोकळी सोडायची. मोकळी, नीट. जसं पंगतीत पाव्हण्यांसाठी आपण सरकून घेतो.

मी आधी ओल बघितली. भुई कोरडी होती. साप-विंचू असेल म्हणून दगड उचलले. मुंग्या नव्हत्या, गोचिडं नव्हती. वरून राख टाकून बघितली. मग लंगड्या मेंढीला उचलून त्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. ती घाबरली नाही. थोडा वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्याच्या पाटावर चुकून बसलेलं माणूस उठतं, तशी ओशाळून परत आली.

फकिराला बोलावलं. तो जाळीशी उकिडवा बसून विड्या ओढत बघत राहिला. म्हणाला, "थंडी हाय दादा, वारं तिकडून येतंय."

मला पटलं. वारं तिकडूनच येत होतं. पण फकिरा गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की तो बसला होता ते जाळीच्या कडेला अंग चोरून. त्याच्या शेजारची अख्खी जागा रिकामी होती.

दिवस उगवताना मी वाड्यात गेलो आणि त्या मोकळ्या भुईवर हात ठेवला. सगळीकडं दव पडलेलं, भुई गारठलेली. तेवढी जागा ऊबदार होती. माणूस नुकतंच उठून गेलेल्या घोंगडीसारखी.

कुत्रं बसलं असेल, मी स्वतःला म्हणालो. कुत्रं ओट्याला बांधलेलं होतं. त्या जागेकडं तोंड करून ते सावकाश शेपूट हलवत होतं.

पुढं रस्त्यापलीकडच्या हॉलात एक मोठं लग्न झालं. दिवसभर तेच गाणं लावलं होतं, जागा हाय, जागा हाय. त्या सांजेला मेंढरांनी आणखी जागा सोडली.

४

मग ते घरात आलं. आलं म्हणू का? काही दिसलं नाही, वाजलं नाही. नुसती आम्ही सरकायला लागलो.

जेवायला बसलो तर माझं ताट भिंतीला लागून मांडलेलं. मी म्हणालो, "अगं, मधी बसू दे की. पाठ लागती भिंतीला."

"मधी कुठं जागा हाय?" सुगंधाबाई म्हणाली, आणि तिनं मधल्या रिकाम्या फरशीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसली. "म्हातारी झाले बाई मी," म्हणाली. पण ताट काही तिनं हलवलं नाही, आणि मीपण नाही.

भीती वाटत होती का? तसं म्हणता येणार नाही. घर भरल्यासारखं वाटायचं. सणाला लेकी-बाळी आल्यावर वाटतं तसं. दुपारी ओट्यावर डोळा लागला की आतून कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय, कुणी लेकराला निजवतंय, असं वाटायचं. उठून बघावं तर भांड्याला भांडं लागल्यासारखा नाद तेवढा हवेत असायचा. आणि मी बघायला जायचो ते कडेकडेनं, कुणाला पाय लागू नये असा.

नंदी मात्र सुकत चालली. "बसमध्ये उभं राहायला जागा नसते," ती सांगायची, "पण माझ्या शेजारचं सीट रिकामं असतं. कुणी बसत नाय आबा. मी अर्धी खिडकीत असते."

एक दिवस सुट्टीच्या सकाळी ती अंगणात गिटार घेऊन बसली. गाणं सुरू केलं. ‘रान सरलं’ पाशी आली आणि थांबली. परत सुरू केलं. परत थांबली.

"काय झालं गं?"

"मला माझी चाल सापडत नाय, आबा." तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा तिचे डोळे लहानपणी वाट चुकली होती तेव्हासारखे होते. "ओरडायला तोंड उघडते आन सोनियासारखं गोड निघतंय. माझा आवाज कसा होता? तुम्हाला आठवतोय का?"

मला आठवत होता. पण म्हणून दाखवता येत नव्हता.

शहरात एका मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता. गाणं जिनं केलं ती पोरगी इथलीच, म्हणून नंदीला बोलावलं होतं. "एकदा लोकांनी माझ्या तोंडून ऐकलं पायजे," ती म्हणाली, "माझ्यासारखं. नायतर ते गेलं आबा. मग मी कशाची उरले?"

५

मी तिला म्हणालो, त्या सोनियाबाईला फोन लाव. शेवट का सोडला ते विचारू.

नंदीनं फोन स्पीकरवर लावला. सोनियाचं बोलणं गाण्यासारखंच मऊ होतं. "आजोबा, नमस्कार. शेवट मी सोडला नाही हो. मी म्हटला होता. नंतर ऐकलं तर त्यात नव्हता. पुन्हा म्हटला, पुन्हा नव्हता. मग सगळे म्हणाले, असंच छान वाटतंय."

"यंत्राची चूक असंल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "एक विचारू? हे गाणं म्हणताना मी माईकसमोर नसते. कार्यक्रमाचे फोटो बघितले तेव्हा कळलं. प्रत्येक फोटोत मी बाजूला सरकून उभी, आणि माईकपुढं कुणीच नाही. माझा आवाज जातो कुठून?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "राजनंदिनी, तुझ्याकडं असं काही होतं का?"

"नाही," नंदी पटकन म्हणाली.

"गाणं झालं की माझी खोली मात्र हलकी होते. दाटी असते ती निघून जाते. कुठं जात असेल, असं मनात येतं."

"हाक ज्या घरची, त्या घरी," मी म्हणालो. बोलायचं नव्हतं मला. तोंडून निघून गेलं.

मग फोन कट झाला. रेंज गेली असेल.

६

त्याच सांजेला मी काठी घेऊन वाड्याशी गेलो. मेंढरं आत होती, जाळीला दाबून. आता त्यांच्यापुढं अर्ध्याहून जास्त वाडा मोकळा होता. मी काठी उचलली.

"अवं, काय करता?" सुगंधाबाई पाठीमागं आली होती.

"हाक बंद करतो."

"सगळी आली का?"

मी बघितलं. मोकळ्या जागेत अजून जागा होती. तळ्याकडून वाऱ्यावर कुणाचातरी फोन वाजल्यासारखं वाटत होतं, तेच गाणं, लांबून.

"नाय आली," मी म्हणालो.

"मग?" ती साधं बोलत होती, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं. "जागा हाय म्हणून बोलवायचं, आन वाटेत असताना दार लावायचं? त्यांनी कुठं जायचं?"

आमच्या घरात ‘भरला’ हे कधी खोटं म्हटलेलं नाही. एखादं कोकरू मागं राहिलं तर बाप अंधारातसुद्धा हाकत राहायचा. दुसऱ्या कुणी आपटली असती काठी. मी ती खाली टेकवली, हळूच, आवाज न होता.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही फकिराच्या रिक्षानं गेलो. दुपारचं ऊन होतं. सुगंधाबाई घरीच थांबली, म्हणाली, इतकं भरलं घर सोडून कशी येऊ. रिक्षात मागं नंदी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला.

"नीट बसा बरं," फकिरा म्हणाला. "मागं तिघं म्हंजी दाटीच होती."

"तिघं?"

"नंदी, तुम्ही आन..." त्यानं आरशात बघितलं. मग वाटभर हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यानं.

मैदान माणसांनी फुललं होतं. नंदी मंचावर गेली. माईकसमोर उभी राहिली, गिटार पोटाशी धरली. मला वाटलं, आता फाडून टाकेल. तिनं छातीत श्वास भरला, आणि पाऊल उचलून बाजूला ठेवलं. मग आणखी एक. माईकपुढं जागा झाली.

गाणं सुरू झालं. गोड, संथ. सगळं मैदान डोलायला लागलं. बायका, पोरं, पोलीस, सगळी म्हणत होती, जागा हाय, जागा हाय. मी तिच्या ओठांकडं बघत होतो. ते मिटलेले होते.

उतरल्यावर एका बाईनं तिची हनुवटी धरली. "पोरी, थेट सोनियाच गं!"

"थँक्यू," नंदी म्हणाली.

बाजूला आल्यावर तिनं माझा सदरा धरला. "आबा, मी गायलेच नाय."

"बघितलं मी."

"मग कोण?"

गर्दी अजून गात होती. आणि मी बघितलं की उभ्या गर्दीत मधोमध एक वाट पडलीय. कुणी पाडली नव्हती. माणसं गाता गाता, हसत हसत, बाजूला सरली होती. ती वाट हर्सूलच्या अंगाला जात होती.

७

फकिरानं आम्हाला वळणावरच सोडलं. घरापर्यंत आला नाही. दिवस मावळला होता, पण आभाळ अजून केशरी होतं आणि तळ्यात तोच रंग पडला होता. इतकी सुरेख सांज मी फार वर्षांत बघितली नव्हती.

मेंढरं रस्त्यावर उभी होती. सगळी. वाड्याचं फाटक उघडं, जाळी शाबूत. कुणी पळालं नव्हतं, ओरडत नव्हतं. घराकडं तोंड करून शांत उभी होती, जशी लोकांच्या दारात लग्न बघायला माणसं उभी राहतात.

घरात दिवे लागले होते, दोन्ही खोल्यांत. चुलीवर काहीतरी चांगलं शिजत होतं. आणि घर भरलं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू येत होतं. वाकळा झटकल्याचं, बांगड्यांचं, कुणी खोकल्याचं, थकलेली माणसं लांबून येऊन टेकतात तेव्हा ‘हाऽ’ म्हणतात त्याचं. त्यात सुगंधाबाईचं हसणं होतं. ती अशी हसलेली मी तिच्या तरुणपणी ऐकली होती.

नंदीनं अंगणात एक पाऊल टाकलं आणि मागं घेतलं.

"आबा, जागा नाय," ती म्हणाली.

मीपण बघितलं. अंगण रिकामं होतं. खरंच जागा नव्हती.

आम्ही रस्त्याकडच्या दगडावर बसलो. मेंढरं आमच्याभोवती आली आणि बसली. मी नंदीच्या पाठीवर हात ठेवला. तिचं अंग गार लागत होतं. मग आतून गाणं सुरू झालं. गिटार ओरबाडल्यासारखी, पत्र्याचा डबा, आणि तो आवाज. फाटलेला, रागाचा, गोड न केलेला. ‘रान सरलं’ असं म्हटलं तसा माझ्या अंगावर काटा आला.

"हा," मी म्हणालो. "हाच व्हता तुझा."

नंदी मान तिरकी करून ऐकत राहिली. दुसऱ्याच्या घरातलं गाणं वाटेनं जाताना ऐकावं तशी. "चांगला हाय," ती म्हणाली. तिचा स्वर पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसा मऊ होता.

दारात सुगंधाबाई आली. पदरानं घाम टिपत तिनं आमच्याकडं बघितलं, आणि आपण अनोळखी माणसाकडं बघून हसतो तसं आदबीनं हसली.

"कुठले म्हणायचे पाव्हणे?"

पन्नासेक पावसाळे एका ताटात जेवलेली बाई ती. शेवटी म्हणालो, "इथलेच. हर्सूलचे."

"बघितल्यासारखं वाटत नाय बाई." मग आत वळून तिनं हाक मारली, "नंदे, पाणी आण गं. पाव्हणे आल्यात, लेक हाय त्यांच्यासंगं."

माझ्या शेजारी नंदी उठली, सवयीनं. अर्धी उठली, तेवढ्यात आतलं गाणं थांबलं आणि तोच आवाज म्हणाला, "आले गं, आज्जी."

ती आली. उजेड तिच्या पाठीशी होता, तोंड दिसलं नाही. उंची तेवढीच, वेणी तेवढीच. अंगण ओलांडून आली आणि तांब्या पुढं धरला. देताना ती जरा बाजूला सरून उभी होती, पाठीमागून येणाऱ्या कुणासाठीतरी वाट सोडून. मी तिच्या मागं बघितलं नाही. म्हातारा आहे मी, मला काही गोष्टी बघायच्या नाहीत.

नंदीनं तांब्या घेतला. सगळं पाणी प्याली. "गार हाय," म्हणाली, आणि तांब्या परत दिला. दोघींची बोटं एकमेकींना लागली असतील, नसतील.

"तशीच जाऊ नका," सुगंधाबाई दारातून म्हणाली. "चार घास खाऊन जा. आज घरात लई माणसं हायत, पण तुमच्यापुरतं व्हईल की."

किती मायेनं म्हणाली. आमच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं तिला कधी चाललं नाही.

नंदी माझ्याकडं वळली. आभाळातला केशरी रंग तिच्या तोंडावर होता.

"आबा," तिनं हळूच विचारलं, त्यांना ऐकू जाऊ नये असं, "चांगली माणसं दिसतात. थांबायचं का?"